डीजेचं रेकॉर्डिंग आणि बाईंचा ताळा

(१९९८च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा डिसेंबर २०२३मध्ये वाघोलीत झाला. त्या वेळी केलेलं हे भाषण रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘वाघोलीचे सुप्रसिद्ध डीजे’ अशी करून दिली. सुप्रसिद्ध वगैरे काही नाही. केसनंद फाट्यापासून लोणीकंदपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या लग्नात, हळदीत मी तुमची झोप मोडलेली आहे, एवढीच माझी प्रसिद्धी. त्याबद्दल सुरुवातीलाच माफी मागतो. सरांची विशेष माफी, कारण त्यांचं घर लॉन्सच्या मागेच आहे.

आयोजकांनी आम्हाला सांगितलंय की प्रत्येकाने आपल्या धंद्यातली एक अशी गोष्ट सांगायची, जी दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. आपली डॉक्टर मैत्रीण मधुमेहावर बोलली, वकीलसाहेब सातबाऱ्यावर बोलले. दोन्ही कामाच्या गोष्टी. माझा विषय ऐकून तुम्ही हसाल. डीजे जे काही वाजवतो ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, यावर मी बोलणार आहे. याचा आपल्याला काय उपयोग, असं वाटेल. पण पंधरा मिनिटं द्या, शेवटी सांगतो.

आपल्या शाळेचा टेपरेकॉर्डर आठवतो का? ऑफिसातल्या कपाटात, कापडी पिशवीत असायचा. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी बाहेर यायचा. रेकॉर्ड करायचं तर प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबायला लागायची आणि ती दाबायचा मान फक्त चित्रकलेच्या सरांचा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चिमुकले कान असायचे. ते तोडले की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. नववीत असताना मी ते कान तोडायला विसरलो, आणि गॅदरिंगमधल्या मुलींच्या समूहगीतावर कुणीतरी क्रिकेटची कॉमेंट्री भरून टाकली. त्या समूहगीतातल्या चौघीजणी आज समोर बसल्या आहेत. सव्वीस वर्षांनी कबुली देतो, चूक माझी होती.

दहावीनंतर मी आयटीआयला गेलो, ते तुम्हाला माहीत आहे. वायरमनचं काम शिकलो आणि सुट्टीत एका साउंडवाल्याकडे बॉक्स उचलायला लागलो. माझ्याबरोबर माझा शेवटच्या बाकावरचा जोडीदार होता. मघाशी आपण दोन मिनिटं उभे राहिलो, त्यात तोही होता. नाव घेतलं तर मला पुढे बोलता यायचं नाही, म्हणून घेत नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बाकावर दोन पट्ट्यांनी ढोल वाजवून बाईंच्या हातचा मार खाणारा तोच.

आम्ही दोघांनी हळूहळू स्वतःचं साउंड उभं केलं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चकरा मारून एक-एक वस्तू जमवली. आधी कॅसेट डेक, मग सीडी, मग लॅपटॉप आणि कंट्रोलर. कंट्रोलर मी चालवायचो. माइक त्याच्याकडे. लग्नात गाणी सगळेच वाजवतात. लोक आम्हाला बोलवायचे ते त्याच्या बोलण्यासाठी. ‘पांढरी गाडी गेटसमोर लावलेल्या पाहुण्यांनी ती बाजूला घ्यावी, नवरदेव बाहेर अडकलाय’ हे तो अशा सुरात सांगायचा की गाडीवालासुद्धा हसत यायचा.

डिसेंबर २०१६मध्ये सनबर्न फेस्टिव्हल गोवा सोडून आपल्या केसनंदला आला, आठवत असेल. जगातले मोठमोठे डीजे आपल्या उंबऱ्याशी. आम्ही दोघं स्कूटरवर जाऊन आलो. येताना तो म्हणाला, ‘गड्या, या लोकांचं वाजवलेलं रेकॉर्ड होतं, लोक घरी बसून ऐकतात. आपलं मात्र मांडव सुटला की हवेत गेलं. आपणही ठेवू.’

तिथून आमचं रेकॉर्डिंग सुरू झालं. आणि तिथूनच माझी चूकही सुरू झाली.

लॅपटॉपवर गाणी मिसळायची जी सॉफ्टवेअर असतात, सेराटो, व्हर्च्युअल डीजे, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर, त्यांतच रेकॉर्डिंगची सोय असते. फुकटात मिळणारं मिक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यातही आहे. आम्ही वापरायचो त्यातही होती. लाल बटण दाबायचं, संपलं की पुन्हा दाबायचं. वेगळी वायर नको, काही नको. आवाज एकदम स्वच्छ. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार? चार वर्षांत मी त्रेचाळीस कार्यक्रम असे रेकॉर्ड केले. तारखा घालून हार्ड डिस्कवर नीट ठेवले.

मग २०२० साल आलं. मांडव बंद झाले, बॉक्स गोडाऊनमध्ये धूळ खात पडले. आणि २०२१च्या दुसऱ्या लाटेत तो गेला. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. मला भेटता आलं नाही.

त्या दिवाळीत त्याची मुलगी माझ्या घरी आली. तेव्हा ती नववीत होती. म्हणाली, ‘काका, तुम्ही सगळं रेकॉर्ड करायचात ना? मला बाबांचा आवाज पाहिजे.’

मी म्हटलं, अगं, भरपूर आहे. त्रेचाळीस कार्यक्रम आहेत. हार्ड डिस्क लावली, पहिली फाइल उघडली. गाणी. दुसरी उघडली. गाणी. मी पुढे-पुढे सरकवत गेलो. हळदीचे, वरातीचे, वाढदिवसाचे, सगळे कार्यक्रम होते. सगळ्यांत गाणी अगदी स्वच्छ होती आणि त्याचा आवाज कुठेच नव्हता.

कारण सांगतो. ते साधं आहे, आणि वायरमन असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. गाणी लॅपटॉपमधून निघून मिक्सरमध्ये जायची. त्याच्या माइकची वायर थेट मिक्सरमध्ये जायची. दोन्ही आवाज मिक्सरमध्ये एकत्र व्हायचे आणि पुढे बॉक्समधून लोकांना ऐकू यायचे. पण रेकॉर्डिंग होत होतं लॅपटॉपच्या आत, म्हणजे मिक्सरच्या अलीकडे. माइकचा आवाज तिथपर्यंत कधी पोचतच नव्हता. सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती. त्याने त्याच्या पोटातून गेलेलं सगळं इमानदारीने लिहून ठेवलं होतं. मीच त्याला चुकीच्या जागी बसवलं होतं.

आणि चार वर्षांत मी एकही फाइल नीट ऐकली नव्हती. सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐकायचो, गाणं वाजतंय, झालं. बाई, तुम्ही आम्हाला घसा फोडून सांगायचात की भागाकार झाला की गुणाकाराने ताळा करून बघा, ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही. मी त्रेचाळीस वेळा रेघ मारली, ताळा एकदाही केला नाही.

त्या पोरीसमोर मी काय बोलणार? ती म्हणाली, ‘असू दे काका.’ ते ‘असू दे’ मला अजून ऐकू येतं.

ती गेल्यावर रात्री मी पुन्हा बसलो. वेगळ्या फोल्डरमध्ये काही खराब फाइली होत्या. आळसाने पुसायच्या राहिलेल्या. त्यातली एक २०१९ची, बकोरी रोडच्या हळदीची, चौदा मिनिटांची. त्या दिवशी मी बाहेरच्या साउंड कार्डावरून रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला होता, आणि यूएसबीची पिन ढिली झाल्यावर कॉम्प्युटरने आपोआप लॅपटॉपचाच छोटा माइक पकडला होता. आवाज म्हणजे नुसता धडधडाट. म्हणून मी तेव्हा ती फाइल फेकण्यात जमा केली होती. पण तो लॅपटॉपच्या शेजारीच उभा होता. धडधडाटातून त्याचा आवाज स्पष्ट येतो. माइकवरचा नाही, आमच्या दोघांतला. कुणाच्या तरी मामाबद्दल काहीतरी बोलून हसतो. मग म्हणतो, ‘आज पैसे रोख मागून घे बरं का, उद्या पोरीची फी भरायचीय.’

मी ते चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग तिला दिलं. तिने हेडफोन लावून तिथंच ऐकलं, आणि मग आईला ऐकवायला पळत गेली.

त्रेचाळीस चांगली रेकॉर्डिंग काही कामाची निघाली नाहीत, आणि एक खराब निघालेलं कामाला आलं. तेव्हापासून मला कुणी विचारलं की रेकॉर्डिंगला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, तर मी उलट विचारतो, तुला काय जपायचंय? ते आधी ठरव. सॉफ्टवेअर त्यानंतर.

आता धंद्याचं बोलतो. निवड कशी केली ते क्रमाने सांगतो. आपल्यापैकी काहींची मुलं घरी कंट्रोलर घेऊन बसतात, मला माहीत आहे. त्यांना सांगा.

पहिली गोष्ट, आवाज कुठून घ्यायचा. घरी बसून नुसती गाणी मिसळायची असतील, तर डीजे सॉफ्टवेअरच्या आतलं रेकॉर्डिंग उत्तम. वायर नाही म्हणून खरखर नाही. फक्त दोन गोष्टी आधी बघायच्या. आपल्याकडच्या आवृत्तीत ती सोय उघडी आहे का, आणि गाणी ऑनलाइन सेवेवरून थेट वाजवत असाल तर रेकॉर्डिंग होतं का. बऱ्याच ठिकाणी अशा गाण्यांना रेकॉर्डिंग बंद असतं. पण माइक असेल, ढोल असेल, दुसरा वाजवणारा असेल, तर आवाज मिक्सरच्या नंतर घ्यायला हवा. मिक्सरच्या मागे ‘रेक आउट’ लिहिलेली दोन भोकं असतात, एक लाल, एक पांढरं. तिथून यूएसबी साउंड कार्डात आणि साउंड कार्डातून लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात ती वायर खुपसू नका. ते भोक माइकच्या बारीक आवाजासाठी असतं, मिक्सरचा आवाज त्यात फाटतो, आणि बहुतेक वेळा डावा-उजवा असा दोन बाजूंचा आवाजही त्यात घेता येत नाही.

दुसरी गोष्ट, वाईट वेळी सॉफ्टवेअर काय करतं. आपल्याकडे लाइट जाते, जनरेटरचं डिझेल संपतं, कुणाचा तरी पाय वायरीत अडकतो. काही प्रोग्रॅम फाइलच्या सुरुवातीची महत्त्वाची माहिती अगदी शेवटी लिहितात. मध्येच बंद पडले तर फाइल जागेवर दिसते, पण उघडत नाही. म्हणून मी घरी परीक्षाच घेतली. जुन्या, बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर एक-एक प्रोग्रॅम घातला, दहा मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर काय हाताला लागतं ते वहीत लिहिलं. बायको म्हणाली, ‘कॉम्प्युटर बिघडवायचा नवीन धंदा काढलाय का?’ पण या परीक्षेत जो पास झाला तोच मी घेतला.

तिसरी गोष्ट, लांबी. आपली हळद संध्याकाळी सहाला सुरू होते आणि दहाला बंद करावीच लागते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. म्हणजे चार तास धरा. सीडीच्या दर्जाचं वेव्ह रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातं, तासाला सव्वासहाशे-साडेसहाशे. चार तासांचे अडीच जीबी. त्याहून बारीक, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला घेतलं तर तासाला एक जीबीच्या थोडं वर. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की काही प्रोग्रॅम गप्प बसतात, काही फाइल बिघडवतात. चांगला प्रोग्रॅम आपणहून फाइलचे तुकडे पाडतो किंवा वेगळ्या प्रकारात साठवतो. मिक्समध्ये ठरावीक आकाराला तुकडे पाडायची सोय आहे. आणि हो, डिस्कवर जागा किती उरली आहे ते कार्यक्रमाच्या आधी बघायचं, नंतर नाही.

चौथी गोष्ट, आधी वेव्ह ठेवायचं, एमपीथ्री नंतर करायचं. एमपीथ्री म्हणजे कानाला सहसा जाणवणार नाही तेवढं गाळून फाइल लहान केलेली असते. चांगल्या दर्जाची एमपीथ्री तासाला दीडशे एमबीच्या आत बसते, मोबाइलवर पाठवायला सोपी. पण गाळलेलं पुन्हा भरून येत नाही. पक्की वही वेगळी आणि कच्ची वही वेगळी, हेही शाळेनेच शिकवलं.

पाचवी गोष्ट, पैसे. या कामाला पैसे लागतातच असं नाही. मी घेतलं ते ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी ते बनवायला घेतलं आणि २०००मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तेव्हापासून फुकट आहे. मध्येच बंद पडलं तर पुन्हा उघडल्यावर ते स्वतःच विचारतं की अर्धवट राहिलेलं परत आणू का. माझ्या परीक्षेत शेवटचे काही क्षण सोडले तर बाकी सगळं परत मिळालं. त्यातली एकच गोष्ट नव्या माणसाला फसवते. त्यात नुसतं ‘सेव्ह’ केलं तर त्याच्या स्वतःच्या प्रकारची फाइल बनते, ती दुसरीकडे वाजत नाही. वाजणारी फाइल हवी तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. रीपर नावाचंही एक चांगलं आहे. ते साठ दिवस वापरून बघता येतं, मग पैसे भरायचे. ज्यांना पुढे एडिटिंग शिकायचंय त्यांनी ते बघावं. फक्त चोरीची, क्रॅक केलेली सॉफ्टवेअर घेऊ नका. मी ते भोगलंय. ऐन वरातीत ‘आपली मुदत संपली’ असा चौकोन पडद्यावर आला, आणि तक्रार करायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे ताळा. आता कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी एक मिनिट रेकॉर्ड करतो. गाणं लावतो, माइकवर बोलतो, बंद करतो आणि तीच फाइल हेडफोन लावून ऐकतो. गाणं आहे का, माइक आहे का, डावा-उजवा दोन्ही कान आहेत का. घरघर येत असली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघतो. पुष्कळदा ती अर्थिंगची असते आणि चार्जर काढला की जाते. मग लॅपटॉपचं झोपी जाणं बंद करतो. एवढं झालं की लाल बटण. या एका मिनिटाच्या सवयीपुढे सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न दुय्यम आहे, असं आता माझं मत झालंय.

पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायला लागल्यावर आणखी एक गोष्ट कळली, ती सांगायला मला लाज वाटते. ऑडॅसिटीमध्ये आवाजाचं चित्र दिसतं, डोंगररांगेसारखं. माझ्या कार्यक्रमाच्या पहिल्या तासात डोंगर मध्यम उंचीचे होते. तिसऱ्या तासात ते पट्टीला वर-खाली टेकलेले, माथे सपाट कापलेले. आपल्या दगडखाणींनी टेकड्या कापल्या, अगदी तसे. म्हणजे मी नकळत आवाज चढवत चढवत नेत होतो. कान थकतात, मग आपल्याला कमी वाटतं, मग आपण आणखी चढवतो. लोकांना किती त्रास झाला असेल ते त्या चित्राने दाखवलं. माझ्या डाव्या कानात आता रात्री शिटी वाजते. डॉक्टर म्हणाले, जाणार नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा एक हिशेब आहे. ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आम्ही वीस वर्षं बॉक्सच्या शेजारी उभे होतो. आता मीटरची उंच टोकं उणे सहाच्या आसपास ठेवतो, लाल दिवा लागू देत नाही. बाईंच्या लाल पेनासारखाच तो. लागला की समजायचं, चुकलं. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला कानात घालायचे बोळे मी स्वतः विकत घेऊन देतो.

तर हे झालं धंद्याचं. आता तुमच्या उपयोगाचं.

आपण पंचवीस वर्षांनी भेटतोय. वाघोली ग्रामपंचायतीची होती, २०२१मध्ये महापालिकेत गेली. आपण ज्या बोळातून शाळेत यायचो तिथं आता बारा मजली इमारत आहे. वाघेश्वराचं देऊळ सोडलं तर दाखवायला खुणा फार राहिल्या नाहीत. पण आपल्या पुष्कळांच्या घरी माळ्यावर जुन्या कॅसेट आहेत. आजोबांची भजनं, बारशातली गडबड, आईने गायलेल्या ओव्या, कुणी परदेशात गेला तेव्हा पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट. ती टेप दरवर्षी थोडी आणखी खराब होतेय, आणि ती वाजवणारी यंत्रंही भंगारात चालली आहेत.

माझ्याकडे एक चांगला डेक दुरुस्त करून ठेवलेला आहे. डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून सैल करून घेतो, मग वाजवतो. रेकॉर्डिंगची पद्धत तीच, डेकमधून साउंड कार्डात, तिथून ऑडॅसिटीत. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. तुम्ही कॅसेट आणून द्या. मी वेव्ह आणि एमपीथ्री दोन्ही करून देतो, आणि पूर्ण ऐकून देतो. पैसे घेणार नाही. समूहगीताचं जे नुकसान केलं त्याची ही भरपाई समजा.

आणि ज्यांच्या घरी कॅसेट नाही पण आई-वडील आहेत, त्यांनी मोबाइलवर त्यांना बोलतं करा. गाणं नको, भाषण नको. भाजीचा भाव, शेजारणीची तक्रार, काहीही चालेल. माझ्या मित्राच्या मुलीला त्याची लग्नातली घोषणा मिळाली नाही, फीचं वाक्य मिळालं. ती म्हणते, तेच बरं झालं. आता ती अकरावीत आहे. आज स्वयंपाकघराकडे पाहुण्यांचं बघतेय ती तीच.

मागच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप दिसतोय तुम्हाला. सकाळपासून तो चालू आहे. मिक्सरच्या नंतर लावलाय, त्यामुळे बाईंचं, सरांचं, सगळ्यांचं बोलणं त्यात आलंय. सकाळी साडेनवाला एक मिनिटाचा ताळा करून घेतला आहे. या आठवड्यात प्रत्येकाला प्रत पाठवतो.

बाई, आता तरी रेघ मारू का?